दमयंती एवढ्या लांब कावून दिली?

बडनेऱ्याच्या माणसाला चित्रातलं काही कळत नाही, असं अमरावतीचे लोक म्हणतात. अमरावतीच्या माणसाला कळत नाही, असं नागपूरचे लोक म्हणतात. नागपूरकरांबद्दल हेच मत पुण्यात आहे. आणि पुणेकरांबद्दल मुंबईत जहांगीर आर्ट गॅलरीच्या पायऱ्यांवर काय बोललं जातं, ते सुदैवाने खंडाळ्याचा घाट चढून वर येत नाही.

माझं मत वेगळं आहे. चित्र पाहायला दोन गुण लागतात आणि ते दोन्ही बडनेऱ्यात जितके पिकतात तितके कुठेच नाहीत.

पहिला गुण म्हणजे काहीही न करता एका जागी उभं राहणं. बडनेरा हे मुंबई-नागपूर लाइनीवरचं जंक्शन. अमरावती जिल्ह्याचं ठिकाण खरं, पण मेन लाइन बडनेऱ्यावरून गेलेली. त्यामुळे अंबानगरीच्या भल्याभल्या माणसांना गाडीसाठी आमच्याकडे येऊन ताटकळावं लागतं. आम्ही तर जन्मापासून तिथेच. जुन्या वस्तीतला माणूस नव्या वस्तीत जायला निघाला, तरी स्टेशनात शिरून कुठली गाडी कुठे उभी आहे ते पाहून घेतो. त्याला कुठेही जायचं नसतं, कोणी यायचं नसतं. तरी तो अर्धा तास उभा राहतो, आणि समाधानाने घरी जातो. जगातल्या मोठमोठ्या संग्रहालयांत लोक एका चित्रापुढे मिनिटभरही टिकत नाहीत म्हणे. त्यांना महिनाभर आमच्या प्लॅटफॉर्मवर पाठवायला हवं.

दुसरा गुण म्हणजे चौकशी. प्लॅटफॉर्मवर नवखा माणूस दिसला की बडनेरेकर त्याच्याजवळ सरकतो आणि विचारतो, "कोठचे जी तुमी?" दुसरा प्रश्न, "कोणाकडचे?" तिसऱ्या प्रश्नाला आत्येसासूच्या दिराकडून का होईना, नातं निघतं. चौथ्याला डब्यातली पोळी अर्धी वाटली जाते. गाडी लागते तेव्हा दोघंही डोळे पुसत असतात.

या दोन गुणांवर माझ्या काका-काकूंनी औंधचं चित्रसंग्रहालय कसं सर केलं, ते मी स्वतः पाहिलं आहे.

औंध सातारा जिल्ह्यात. बडनेऱ्याची माणसं तिकडे कशी, याचं उत्तर गोंदियाहून कोल्हापूरला जाणारी महाराष्ट्र एक्सप्रेस. माझ्या चुलत बहिणीचं लग्न या गाडीच्या भरवशावर ठरलं. "दुपारी बसलं का सकाळी साताऱ्यात. गाडी बदलाची नाई, की सामान हलवाचं नाई," हा काकांचा मुद्दा. त्यावर काकूचं एकच म्हणणं, "गाडी सरळ जाते म्हणून पोरगी देतेत का कोणी? हावडा मेलबी सरळच जाते." लग्नाला वर्षं लोटली, नातू शाळेत जायला लागला, पण "पोरगी लांब दिली" हे वाक्य काकूच्या तोंडून गेलेलं नाही. भाजीत मीठ जास्त झालं तरी चर्चा तिथेच येऊन थांबते.

साताऱ्याचे जावई मात्र हौशी. सासुरवाडीची माणसं आली की जिल्हा दाखवायचाच. कास पठार दाखवून झालं. काकांनी सगळा फुलोरा शांतपणे पाहिला आणि विचारलं, "फुलं झकास हायेत. पन पीक कायचं घेतेत इथं?" सज्जनगड झाला. मग जावई म्हणाले, "मामा, उद्या औंधला जाऊ. यमाईचं दर्शन होईल आणि म्युझियम बघू. चित्रांचं आहे."

काकांनी आयुष्यात एकच म्युझियम पाहिलेलं, नागपूरचा अजब बंगला. १८६३ सालची ती संस्था. तिथले पेंढा भरलेले प्राणी पाहून विदर्भातल्या तीन पिढ्या मोठ्या झाल्या.

"वाघ हाय का तिथं?" काकांनी विचारलं.

"नाही. फक्त चित्रं, थोडी शिल्पं."

"वाघाचं चित्र?"

जावयांनी विषय बदलला.

औंधचं संस्थान बहात्तर गावांचं, आणि तीही एका जागी नाहीत. भावाभावांच्या वाटणीनंतर शेताचे तुकडे पडावेत तशी ती साताऱ्यापासून विजापूरपर्यंत विखुरलेली. त्याचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी, जन्म १८६८ चा, गादीवर आले १९०९ साली. बाकीचे संस्थानिक वाघ मारत होते, घोडे पळवत होते आणि मोटारींचे कारखाने श्रीमंत करत होते, त्या काळात हा राजा पहाटे उठून सूर्यनमस्कार घालायचा, कीर्तन करायचा आणि उरलेल्या वेळात चित्रं काढायचा. १९१६ साली त्यांचं ‘चित्ररामायण’ छापून आलं, त्यातली चित्रं राजाच्याच हातची. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सुरू झाली, तिच्या मुळाशीही या राजानं देऊ केलेले लाख रुपये होते आणि त्यांची हौस अशी की महाभारत सचित्र व्हावं. १९३९ साली तर त्यांनी गांधीजींच्या सल्ल्याने राज्यकारभारच प्रजेच्या हाती सोपवला.

जावई हे सगळं गाडी चालवता चालवता सांगत होते. सूर्यनमस्कार संस्थानातल्या शाळांत सक्तीचे होते, हे ऐकल्यावर काका पहिल्यांदा सरसावून बसले.

"आमच्या अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ ठाऊक हाय का? १९१४ चं. बर्लिनच्या ऑलिंपिकले जाऊन कसरती दाखवून आले आमचे पोट्टे, १९३६ साली. हिटलरच्या नाकासमोर!"

जावयांनी आदराने मान हलवली. सासऱ्यांपुढे जावयाला दुसरं काही हलवता येत नाही.

तर या राजानं १९३८ साली आपल्या संग्रहासाठी वास्तू उभी केली. कुठे? राजवाड्यात नाही. गावाला लागून यमाईचा डोंगर आहे, वर देवीचं मूळपीठ. त्या डोंगराच्या उतारावर, देवीच्या वाटेवर हे ‘श्री भवानी चित्रसंग्रहालय’. म्हणजे डोक्यावर टोपी, कपाळाला भंडारा आणि हातात नारळाची पिशवी घेतलेला माणूस दर्शनाहून उतरता उतरता सहज आत डोकावू शकतो. चित्रकलेचा देव गावातल्या देवीच्या शेजारी बसवला की देवीला आलेला माणूस त्यालाही हात जोडून जाईल, असा हिशोब त्या वेळी असावा. निदान माझ्या काकूने तो तंतोतंत पाळला. तिने उंबऱ्याला हात लावून तो कपाळी टेकवला आणि मगच आत पाऊल टाकलं.

चित्रसंग्रहालयात शिरल्यावर माणसाचं काय होतं, हा खरं तर अभ्यासाचा विषय आहे. दारापर्यंत मोठमोठ्याने बोलणारा माणूस आत येताच कुजबुजायला लागतो. चित्रं झोपलेली नाहीत, हे त्याला कोणी सांगत नाही. हात आपोआप पाठीमागे जातात. चालण्यात एक मंद, तिरका डौल येतो. मान किंचित कलते आणि मग प्रत्येक चित्राचा एक ठरलेला विधी सुरू होतो. आधी खालची पाटी वाचायची. मग चित्राकडे पाहायचं, पाटीत लिहिलंय ते खरंच आहे ना याची खात्री करायला. मग एक पाऊल मागे यायचं आणि मागच्या माणसाच्या पायावर पाय द्यायचा. "सॉरी" झालं की पुढच्या पाटीकडे सरकायचं. अशी शंभर चित्रं पाहिलेला माणूस प्रत्यक्षात शंभर पाट्या वाचून बाहेर येतो.

मी या संप्रदायातला. जावईही. त्यामुळे आमची गाडी पाटी-चित्र, पाटी-चित्र अशी पॅसेंजरसारखी सुरू झाली. काका-काकूंनी पाट्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. काकांचा चष्मा लांबचा, आणि काकूच्या मते ज्याच्या तोंडाकडे पाहून तो कोण ते कळत नाही, त्याचं नाव वाचून काय कळणार?

काकूने सुरुवात लुगड्यांपासून केली. राजा रविवर्म्याच्या चित्रापुढे ती थांबली आणि निऱ्या मोजू लागली. रविवर्मा केरळचा, पण त्याच्या कितीतरी नायिकांचं नेसणं आपल्याकडच्या वळणाचं. काठ कुठे वळला, पदर कुठून आला, कुठे खोचला, हे तिने बोट हवेत फिरवून माझ्या बहिणीला समजावून दिलं. रेशमावर उजेड कुठे पडतो आणि घडीत अंधार कसा साचतो, यावर कलासमीक्षक पानंच्या पानं लिहितात. काकू म्हणाली, "हे जरीचं खरं हाय. नकली जर अशी चमकत नाई." रंगाने काढलेल्या जरीला असली जर म्हणणं, यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्रक रविवर्म्याला त्रावणकोरच्या महाराजांनीही दिलं नसेल.

मग तिचा आवाज जरा बारीक झाला. "पन एक सांगू का? असे फोटो त आपल्या घरीबी होते."

यात खोटं काही नव्हतं. रविवर्म्यानं १८९४ साली मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि एका जर्मन गृहस्थाने विकतही घेतला. तिथून निघालेल्या लक्ष्म्या आणि सरस्वत्या देशभरातल्या भिंतींवर चढल्या. जिनिंगच्या गादीमागे, किराणा दुकानात, देवघरात, नंतर कॅलेंडरांवर आणि काडेपेट्यांवर. आमच्या बडनेऱ्याच्या घरी काळ्या फ्रेममधली लक्ष्मी होती, तिच्या खालच्या कोपऱ्यात वाळवीने एक हत्ती खाल्लेला. त्यामुळे आयुष्यभर छापील प्रत पाहिलेल्या माणसाला हाताने रंगवलेलं चित्र समोर आलं की ती आपल्या फोटोची नक्कल वाटते. जावई समजावू लागले, "मामी, हे मूळ चित्र. हातानं काढलेलं. तुमच्याकडे असतो तो छापील." काकू ऐकून घेऊन म्हणाली, "असन. पन आमच्याकडचा रोज पूजेत होता."

या युक्तिवादाला कलेच्या इतिहासात उत्तर नाही.

रविवर्म्याचं नाव निघाल्यावर काकांना एकदम आठवण झाली. त्यांनी दालनात एक चक्कर मारली, सगळ्या बायांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं, आणि परत येऊन विचारलं, "त्याची थे हंसावाली दमयंती कोठी हाय?"

आता दमयंती आमच्याकडची. वर्धा नदीच्या काठी, तिवसा तालुक्यात कौंडण्यपूर आहे. विदर्भराजाची ती जुनी राजधानी, असं आम्ही वऱ्हाडी मानतो. नळाची दमयंती तिथली. कृष्णाची रुक्मिणी तिथली, आणि तिचं हरण झालं ते अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळातून. अगस्त्यांची लोपामुद्रा विदर्भाची. अजराजाची इंदुमती विदर्भाची. पुराणकाळात चांगल्या घरच्या मुलाचं लग्न ठरवायचं झालं की रथ थेट तिवसा तालुक्याकडे वळत असावेत. रुक्मिणीच्या माहेराहून आजही दर आषाढीला पालखी पायी पंढरपूरला जाते. पोरगी लांब दिली की माहेरच्यांनी काय करावं, याची रीत आमच्याकडे इतकी जुनी आहे. काका-काकू त्यातल्या त्यात सुखी, त्यांना महाराष्ट्र एक्सप्रेस आहे.

मी सांगितलं, "काका, रविवर्म्याची हंस आणि दमयंती, १८९९ सालची, ती इथे नाही. ती त्रिवेंद्रमच्या चित्रालयात आहे."

काकूने मान वर केली. "कोठी?"

"त्रिवेंद्रम. केरळात."

"बाप्पा! दमयंती एवढ्या लांब कावून दिली?"

दालनात शांतता पसरली. काका खिडकीबाहेर पाहू लागले. जावई खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागले, त्यांच्या पायात चपला होत्या. माझी बहीण तोंडावर पदर घेऊन हसत होती. रविवर्म्याच्या एका चित्राने लागलेला तो घरगुती खटला, फिर्यादीचा मुद्दा तोच, आरोपी तेच, फक्त सासर साताऱ्याहून त्रिवेंद्रमला सरकलेलं.

काकांनी बाजू सावरायचा प्रयत्न केला. "चित्र काढनारा तिकडचा, म्हणून तिकडं गेली."

"तेच म्हनतो मी. मांगनी घालनारा कोठचा हाय, थे आधी पाहा लागते."

विषय बदलावा म्हणून जावयांनी रविवर्म्याच्या सैरंध्रीचं नाव काढलं. अज्ञातवासातली द्रौपदी, विराटाच्या घरी दासी, आणि तिच्यावर डोळा ठेवणारा कीचक. तर काका तिथल्या तिथे साक्षीदाराच्या पिंजऱ्यात चढले. "थे प्रकरन आमच्याच जिल्ह्यातलं! कीचकाले मारून भीमानं चिखलदऱ्याच्या दरीत फेकला. अन् मंग जिथं हात धुतले थे भीमकुंड आजबी हाय. मी पाह्यलं." काकांचा सूर असा की पंचनाम्यावर त्यांची सही असावी. चिखलदरा अमरावती जिल्ह्यातच. म्हणजे रविवर्म्याच्या कुंचल्याला जे सापडलं त्यातलं बरंचसं आमच्या कलेक्टरच्या हद्दीतलं निघालं.

राहता राहिलं राजाचं चित्ररामायण. काकांनी मनातल्या मनात बोटं मोजली. "इंदुमती आपल्याकडची. तिचा पोरगा दशरथ. म्हंजे दशरथ आपला भासा. अन् राम?" त्यांनी जावयांच्या खांद्यावर हात ठेवला. "राम आपल्या भाशाचा पोरगा, जवाईबुवा. अयोध्येचे लोक सांगत नाईत थे."

इथे माझी पाट्या वाचण्याची गाडी रुळावरून घसरली. कारण काका जे करत होते, ते गंमत म्हणून सोडून देण्यासारखं नव्हतं. शहाणा रसिक चित्रापुढे उभा राहून विचारतो, हे कोणत्या शैलीतलं? काळ कोणता? युरोपचा प्रभाव किती? रविवर्मा किंवा धुरंधर समोर असते, तर या प्रश्नांनी तेही जांभया देत बसले असते. त्यांनी तर गोष्ट सांगायला रंग कालवले होते. ही बाई कोण, कोणाची, आत्ता तिच्या मनात काय आहे, मागे उभा तो कोण, त्याचा हेतू बरा दिसत नाही, हे पाहणाऱ्याने ओळखावं म्हणून. आणि काका-काकू नेमकं तेच विचारत होते. प्लॅटफॉर्मवरची चौकशी त्यांनी जशीच्या तशी भिंतीवर लावली होती. कोठच्या? कोणाकडच्या? इकडं कशा आल्या?

धुरंधरांची चित्रंही या संग्रहात आहेत. महादेव विश्वनाथ धुरंधर जन्माने कोल्हापूरचे, सगळं आयुष्य मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेलं. त्यांची ख्याती अशी की गर्दी काढली तरी तिच्यातला प्रत्येक माणूस वेगळा. ही ख्याती मी पुस्तकात वाचली होती. काकांनी ती तपासली. चष्मा कपाळावर नेऊन त्यांनी चेहरे एकेक करून पाहिले आणि एका फेटेवाल्यावर बोट रोखून म्हणाले, "हा त आपल्या मूर्तिजापूरच्या व्याह्याचा चुलतभाऊ वाटून राह्यला." काकूने जवळ जाऊन पाहिलं. "नाक तसंच हाय. पन थे एवढे सोजवळ नाईत."

मधल्या बाकावर बसून आम्ही दम घेतला, आणि बोलणं अपरिहार्यपणे भावावर आलं. वऱ्हाडी माणूस कुठेही दहा मिनिटं बसला की भावावर येतो. सोयाबीनचा, कापसाचा, तुरीचा, आता चित्रांचा.

मी सांगितलं, "२०२३ साली मुंबईत रविवर्म्याचं यशोदा आणि कृष्ण लिलावात निघालं. ३८ कोटींना गेलं."

काकांनी डोळे मिटले. ओठ हलले. "सात हजारानं तूर धरली, त चोपन्न हजार क्विंटलच्या वर जाते." पुन्हा ओठ हलले. "एकरी सहाचा उतारा. नऊ हजार एकर." डोळे उघडले. "नऊ हजार एकराची तूर एका चित्राले? काय हाय त्यात?"

"यशोदा गाईची धार काढते आहे. बाळकृष्ण बाजूला पेला घेऊन उभा."

"गाय दुभती हाय?"

"धार काढते आहे म्हणजे दुभतीच."

"मंग ठीक हाय," काका म्हणाले. व्यवहार त्यांच्या लेखी मिटला.

मला चेव आला. "आणि वासुदेव गायतोंडे म्हणून एक चित्रकार होते. २०२१ साली त्यांचं एक चित्र जवळजवळ चाळीस कोटींना गेलं. त्यात गाय नाही, यशोदा नाही, माणूस नाही. नुसता निळा रंग."

"काहीच नाई?"

"काहीच नाही."

"कोठचे हे?"

"जन्म नागपूरचा, १९२४ सालचा."

"हं." काकांच्या चेहऱ्यावर उजेड पडला. "काही न देता एवढा भाव घेनं नागपूरवाल्याइलेच जमते."

गायतोंडे हे भारतातल्या अमूर्त चित्रकलेचं फार मोठं नाव, हे सांगून मी त्यांचा आनंद हिरावून घेतला नाही. शिवाय उपराजधानीबद्दलचं वऱ्हाडी दुःख मलाही आहेच.

त्या दिवशी काकांचा खरा आदर मिळवला, तो मात्र चित्र न काढणाऱ्या एका माणसाने. किर्लोस्करवाडीही या औंध संस्थानाच्याच हद्दीत वसली, असं जावई म्हणाले, आणि काका उभेच राहिले. किर्लोस्कर म्हणजे वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या घरचं नाव. विहिरीवरचं इंजिन, मोटर, त्याआधी लोखंडी नांगर. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुळात चित्रकार व्हायला मुंबईत जे. जे.मध्ये गेले होते. पण त्यांना काही रंग नीट ओळखू येत नसत. रंगकाम सुटलं, यंत्राच्या रेघा हातात आल्या. पुढे बेळगावला जागेची अडचण झाली तेव्हा बाळासाहेबांनी आपल्या संस्थानात जमीन दिली, आणि १९१० साली ओसाड माळावर कारखान्याचं गाव उभं राहिलं.

काकांनी हे दोनदा सांगायला लावलं. "म्हंजे रंग वळखू येत नव्हते म्हणून नांगर केला?"

"तसंच."

"देव करते थे चांगल्यासाठीच करते," काका म्हणाले. "त्याले रंग दिसले असते, त आपन अजून लाकडी नांगर वढत बसलो असतो."

चित्रकलेचं एवढं मोठं नुकसान इतक्या मोकळ्या मनाने साजरं झालेलं मी दुसरीकडे पाहिलं नाही.

या संग्रहात एक पाहुणा असा आहे की ज्याला पाहायला जाणकार मुद्दाम वाकडी वाट करून येतात. हेन्री मूर या जगप्रसिद्ध इंग्रज शिल्पकाराचं ‘माता आणि बालक’ हे दगडातलं शिल्प. मूरची शिल्पं म्हणजे लंडन, न्यूयॉर्क आणि मग एकदम औंध. मी त्याच्यासाठी घरून तयारी करून आलो होतो. आकार, पोकळी, घनता, असे तीन-चार शब्द जिभेवर ठेवले होते. काकूला हे अवघड जाणार, आपण हळूहळू समजावून देऊ, असा बेत होता.

काकू माझ्याआधी तिथे पोचली होती. पाटी न वाचता, चष्मा न लावता, हात कमरेवर ठेवून ती क्षणभर उभी राहिली.

"लेकरू अंगावर हाय तिच्या," ती म्हणाली.

मी पाटी वाचली. बरोबर होतं.

"कसं ओळखलं?"

"वळखाचं काय त्याच्यात? लेकराले धरलं का बाईची पाठ अशीच होते." आणि तिने शेजारी उभ्या असलेल्या माझ्या बहिणीच्या पाठीवर हात ठेवला. तिच्या कडेवर धाकटा झोपला होता.

मी जिभेवरचे शब्द गिळून टाकले. आकार, पोकळी, घनता. तिन्ही कोरडे होते.

बाहेर पडताना दारात पाहुण्यांनी अभिप्राय लिहायची वही होती. चाळून पाहिली. "फार सुंदर." "खूप छान." "अप्रतिम ठेवा, जतन व्हावा." एका शाळेच्या सहलीने "आवडले" असं एकाखाली एक लिहून पान संपवलं होतं. काकांनी पेन घेतलं, टोपण तोंडात धरलं, आणि बराच वेळ विचार करून वळणदार अक्षरात लिहिलं: "चित्रे उत्तम आहेत. एक सूचना. ज्या ठिकाणी दमयंती, रुक्मिणी, इंदुमती इत्यादी मुलींची चित्रे असतील त्या ठिकाणी पाटीवर माहेरचे नाव, तालुका व जिल्हा अमरावती असा स्पष्ट उल्लेख असावा. म्हणजे पाहणाऱ्यास चौकशी करणे सोपे जाईल." खाली सही, मुक्काम पोस्ट बडनेरा.

दाराशी बसलेले रखवालदार वही सरळ करताना ते वाचून हसले. "पाव्हणं, लई लांबनं आलासा की. तुमच्याकडं हाय का असलं चित्रांचं म्युझियम?"

"नाई जी," काका चपला घालत म्हणाले. "पोरी आमी देतो. चित्रं तुमी काढा."

"अन् लांब देतो," काकू म्हणाली.